जुन्या व्हिडिओ खेळांचे स्मरणरंजन आणि ग्रामीण इतिहासलेखन : भोर व वेल्हे तालुक्यांच्या संदर्भात

सारांश

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत भारतीय शहरांत रुजलेली नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ खेळांची संस्कृती आज जवळजवळ अस्तंगत झाली आहे. तिच्याविषयीची ओढ मात्र वाढत असून ती ‘नव्वदच्या दशकातील पिढीचे बालपण’ अशा व्यापक नावाने मांडली जाते. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांच्या संदर्भात हे स्मरण तपासले असता वीज, रस्ता, रोख पैसा, स्थलांतर आणि लिंगभाव या घटकांनी त्याला घातलेल्या मर्यादा स्पष्ट होतात. स्मरणरंजन हे इतिहासाचे साधन म्हणून उपयुक्त आहे. परंतु त्यालाच इतिहास मानल्यास ग्रामीण बालपणाची नोंद पुसली जाते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : स्मरणरंजन, व्हिडिओ गेम पार्लर, करमणूक शुल्क, स्थलांतर, मौखिक इतिहास, भोर, वेल्हे.

प्रस्तावना

मराठीतील स्थानिक इतिहासलेखनाने राजकीय घडामोडी, घराणी, गड-किल्ले आणि देवस्थाने यांना मोठे स्थान दिले. भोर व वेल्हे हे तालुके त्याचे ठळक उदाहरण होत. राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर यांचा उल्लेख केल्याशिवाय शिवकालाचा कोणताही ग्रंथ पुरा होत नाही. पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा इतिहासही अभ्यासकांना परिचित आहे. मात्र या परिसरातील माणसे फावल्या वेळात काय करीत, मुले काय खेळत आणि त्यात कसा बदल होत गेला, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत फारसा आला नाही. हॉलंडमधील इतिहासकार योहान हाइझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा संस्कृतीचा पाया असल्याचे प्रतिपादन केले होते. तरीही खेळ हा विषय आपल्याकडे बहुतांशी लोकसाहित्य किंवा शारीरिक शिक्षण या विभागांकडेच राहिला.

गेल्या काही वर्षांत जुन्या व्हिडिओ खेळांविषयी जिव्हाळ्याने बोलले जात आहे. आज चाळिशीच्या आसपास असलेल्या वर्गाच्या आठवणींत एक रुपयाचे नाणे वा टोकन, लाकडी खोक्यात बसवलेला पडदा, जॉयस्टिक आणि पाठीमागे उभी असलेली गर्दी यांचे चित्र वारंवार येते. ही आठवण कोणाची आहे व कोठवर पोहोचते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचे नामांतर ‘राजगड’ असे करण्यास मान्यता दिली. विवेचनाचा काळ त्यापूर्वीचा असल्याने येथे वेल्हे हेच नाव योजले आहे.

१. स्मरणरंजन : संज्ञा आणि मर्यादा

‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बासल येथे सादर केलेल्या प्रबंधातून रूढ झाली. घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांना, विशेषतः परमुलखात चाकरी करणाऱ्या शिपायांना, जडणारी व्याधी असा तिचा मूळ अर्थ होता. म्हणजे ही संज्ञा आरंभी स्थळाशी निगडित होती. ती काळाशी जोडली गेली ती पुढे. मराठीत तिच्यासाठी ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’ असे दोन शब्द वापरले जातात. पहिल्यात आठवणीचा आनंद आहे, दुसऱ्यात हुरहुर आहे. मुंबईत राबणारा आणि शिमग्याला किंवा गावच्या जत्रेला घरी येणारा चाकरमानी ज्या परिसराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला, त्या परिसराला होफरचा मूळ अर्थ अधिक जवळचा वाटावा.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार केले. एक गतकाळ जसाच्या तसा पुन्हा उभारू पाहतो. दुसरा गतकाळाकडे पाहताना हरवलेपणाची जाणीव ठेवतो आणि प्रश्न विचारतो. मॉरिस आल्ब्वाक्स यांनी १९२५ मध्येच दाखवून दिले होते की, व्यक्तीची स्मृती ती ज्या समूहात राहते त्या समूहाच्या चौकटीत आकार घेते. या दोन्ही मांडण्या एकत्र वाचल्यास एक धोका ध्यानात येतो. ज्या समूहाजवळ लिहिण्याची व प्रसिद्ध करण्याची साधने असतात, त्याची स्मृती हळूहळू सर्वांची स्मृती म्हणून प्रस्थापित होते. ज्यांनी ते दिवस वेगळ्या रीतीने काढले, तेही कालांतराने त्याच चौकटीत स्वतःचे बालपण आठवू लागतात.

२. नाण्यावर चालणारे यंत्र

‘आर्केड’ या शब्दाचा मूळ अर्थ कमानींखालून जाणारा, दुतर्फा दुकाने असलेला रस्ता. अशा बाजारी जागेत नाणे टाकून चालवायची करमणुकीची यंत्रे मांडली जाऊ लागली आणि शब्दाचा अर्थ बदलला. १९७१ मध्ये ‘कॉम्प्युटर स्पेस’ हा नाण्यावर चालणारा व्हिडिओ खेळ अमेरिकेत बाजारात आला. १९७२ मध्ये अटारी कंपनीच्या ‘पाँग’ने या धंद्याला खरे यश मिळवून दिले. जपानमध्ये १९७८ साली टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० साली नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’ आला. १९८३ मध्ये उत्तर अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ खेळांचा बाजार कोसळला. त्याच वर्षी जपानमध्ये निंटेंडोचा ‘फॅमिकॉम’ विक्रीस आला आणि या उद्योगाचे केंद्र पूर्वेकडे सरकले.

या यंत्राचे अर्थशास्त्र साधे होते. एका नाण्यात मिळणारा वेळ जितका थोडा, तितके उत्पन्न अधिक. म्हणून खेळ क्षणाक्षणाला अवघड होत जाई व बहुतेकांचा डाव लवकर संपे. कसबी खेळाडू मात्र एकाच नाण्यावर बराच वेळ टिकून राही आणि चालकाचे नुकसान करी. त्याच्या पाठीमागे उभे राहून पाहणाऱ्यांना काहीच खर्च येत नसे. ज्याच्या खिशात नाणे नाही त्यालाही या जागेत प्रेक्षक म्हणून स्थान होते. पार्लरच्या आठवणींत खेळाइतकीच गर्दी ठळक असते, त्याचे कारण या व्यवस्थेत आहे.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ‘जॅमा’ नावाने जोडणीचे एक प्रमाण ठरवले. त्यामुळे पडदा, खोके व कळा तशाच ठेवून आतील मंडल तेवढे बदलले की त्याच खोक्यात नवा खेळ सुरू करता येऊ लागला. भारतासारख्या देशात स्थानिक सुताराकडून खोके करून घेणे, मंडल स्वतंत्रपणे मिळवणे आणि मोठ्या शहरात जुना झालेला खेळ लहान शहरात चालवणे यामुळे शक्य झाले. अनुज्ञप्तीविना तयार केलेल्या नकला या धंद्यात सर्रास असत.

कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये आणलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ भारतात ‘मुस्तफा’ या नावाने ओळखला गेला. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकी चित्रकथेवर तो आधारलेला होता. त्यातील निवडता येणाऱ्या चार पात्रांपैकी एकाचे नाव मुस्तफा. मूळ शीर्षक, मूळ कथा आणि तिचा लेखक यांपैकी काहीही ठाऊक नसलेल्या मुलांनी ओळखीच्या वाटणाऱ्या एका नावाने संपूर्ण खेळ आपलासा केला. लोकपरंपरेत परकी वस्तू ज्या रीतीने रुळते, तीच रीत येथे दिसते.

३. कायदा, कर आणि दप्तर

महाराष्ट्रात पार्लर ही केवळ खेळाची जागा नव्हती, ती शासनाच्या नोंदीतील जागा होती. १९२३ चा मुंबई करमणूक शुल्क अधिनियम मुळात नाटक, सर्कस, सिनेमा अशा तिकीट लावून होणाऱ्या करमणुकीसाठी होता. करमणुकीची साधने बदलत गेली तसे व्हिडिओ, केबल दूरचित्रवाणी, व्हिडिओ खेळ, पूल यांसारखे प्रकार त्याच्या कक्षेत आणले गेले. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातील कलम ३३ नुसार सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियमन पोलीस आयुक्त व जिल्हादंडाधिकारी यांच्याकडे होते. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमाने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. त्यामुळे पडद्यावरील खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा वाद उभा राहणे अपरिहार्य होते.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९५ च्या निकालात न्यायालयाने व्हिडिओ खेळांच्या जागांवर परवान्याचे बंधन घालण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला. ज्या खेळांत दैवाचा भाग मोठा आहे ते जुगाराच्या व्याख्येत येऊ शकतात, असेही त्यातून स्पष्ट झाले. तीस वर्षांनंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. यंत्र बदलले, कौशल्य आणि दैव यांविषयीचा समाजाचा संशय मात्र तोच राहिला. पार्लरच्या गोड आठवणी सांगताना त्या काळातील पालक, शिक्षक व पोलीस या जागांकडे कोणत्या नजरेने पाहत होते याचा विसर पडतो. शाळा बुडवून जाण्याची, घरातील सुटे पैसे संपण्याची जागा म्हणूनही पार्लरची ओळख होती.

संशोधकाच्या दृष्टीने या कायद्यांचे महत्त्व निराळे आहे. परवाना, शुल्कभरणा आणि तपासणी यांच्या नोंदी ठेवणे हा या व्यवस्थेचा भाग होता. जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक शुल्क शाखा आणि तिचे निरीक्षक हे काम पाहत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याचे करमणूक शुल्क त्यात विलीन झाले. ज्या कामासाठी दप्तर ठेवले जात होते ते कामच संपले. शासकीय अभिलेखांचे अ, ब, क-१, क व ड असे वर्ग असतात. त्यांपैकी अ वर्गातील अभिलेख कायम जपला जातो, तर इतर वर्गांतील अभिलेख ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्यास पात्र ठरतो. करमणुकीच्या परवान्याचे कागद कोणी ऐतिहासिक साधन म्हणून मागितले नाहीत, तर ते मुदत संपताच नष्ट होणे हे नियमाला धरूनच असेल.

४. भोर-वेल्हे : परिसर आणि त्याची पार्श्वभूमी

पुण्याच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या कुशीत हे दोन तालुके वसले आहेत. पुणे-सातारा महामार्गावरील कापूरहोळहून भोरकडे आणि नसरापूरहून वेल्ह्याकडे फाटा जातो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांची खोरी, त्यांवरील धरणे आणि खोऱ्यांना विभागणारे डोंगर यांमुळे एका गावाहून शेजारच्या गावी जाणेही कित्येकदा लांबचे ठरते. ब्रिटिश अमदानीत हा बराचसा मुलूख भोर संस्थानात होता. संस्थानाचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे पाच तालुके होते. प्रचंडगड हे तोरण्याचेच नाव. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि मुंबई प्रांताचे कायदे येथे लागू झाले. पुण्यात १९२३ पासून असलेला करमणूक शुल्काचा कायदा या मुलखात पाव शतकाने आला, ही गोष्ट प्रशासकीय कालगणना शहराहून किती वेगळी होती हे दाखवते.

विजेची कथाही अशीच आहे. वेळवंडी नदीवरील भाटघर धरण हे लॉइड धरण या नावाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभे राहिले. त्याचे पाणी नीरा कालव्यांतून पूर्वेकडील सपाट, उसाच्या प्रदेशाला जाते आणि धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. पाणी आणि वीज निर्माण करणारा हा प्रदेश स्वतः मात्र दोन्हींच्या बाबतीत मागे राहिला. १९७३ मध्ये सिंहगडावर दूरचित्रवाणीचे सहक्षेपण केंद्र आले. सिंहगडाच्या पलीकडच्या डोंगरांआड वेल्ह्याची खोरी आहेत. मनोरा जवळ असला तरी घरात संच असणे, वीज असणे आणि चित्र स्पष्ट येणे या तीन स्वतंत्र बाबी होत्या. घरगुती व्हिडिओ खेळाला या तिन्हींपैकी किमान पहिल्या दोन बाबी आवश्यक होत्या.

२०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या ५५ हजारांहून कमी होती आणि २००१ च्या तुलनेत ती किंचित घटलेली होती. जिल्ह्याची लोकसंख्या झपाट्याने वाढत असताना तालुक्याची घटावी, यातच स्थलांतराचा इतिहास सामावलेला आहे. पुणे जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकसंख्येच्या या तालुक्यात त्या वेळी एकही शहर नव्हते. भोर तालुक्यात भोर हे एकच नगरपालिकेचे गाव. पार्लरला लागणारी दाट वस्ती, रोजची वर्दळ आणि मुलांच्या हाती खुळखुळणारे सुटे पैसे यांचा विचार केला, तर या भूगोलात पार्लर-संस्कृती पसरण्यास किती थोडा वाव होता हे उघड होते. शेतीच्या हंगामावर चालणाऱ्या घरात मुलाच्या हाती रोज एक रुपया येणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

५. खेळ पोहोचण्याच्या चार वाटा

पार्लर नव्हते म्हणजे यंत्रावरचा खेळ या परिसराला अपरिचित होता, असा निष्कर्ष काढता येणार नाही. तो निराळ्या वाटांनी आला. या वाटा ध्यानात घेतल्याशिवाय येथील स्मरणरंजनाचा अर्थ लागत नाही.

पहिली वाट जत्रेची. पैसे मोजून काही क्षणांचा थरार विकत घेण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्राला नवीन नव्हती. पाळणे, बंदुकीने फुगे फोडणे, वस्तूवर कडे टाकणे, मौत का कुआँ आणि तंबूतला सिनेमा ही जत्रेची परिचित अंगे आहेत. भोरचा रामनवमी उत्सव, बनेश्वरची महाशिवरात्र, वेल्ह्याच्या मेंगाई देवीची यात्रा हे या परिसरातील एकत्र येण्याचे प्रसंग. नाणे, गर्दी, हारजीत आणि फुकटचा प्रेक्षक हे पार्लरचे चारही घटक जत्रेत आधीपासून होते. फरक कालावधीचा होता. शहरातील मुलाला जे रोज उपलब्ध होते, ते येथे वर्षातून एकदा येई. म्हणून येथील आठवण सवयीची नसून सणाची असते.

दुसरी वाट मुंबईची. मावळ पट्ट्यातील माणसे गिरण्यांत, गोदीत आणि माथाडी कामात पोटासाठी गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि अनेक कुटुंबांना गावाकडे परतावे लागले. याच वर्षी दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली. एकीकडे पडद्याची नवी दुनिया उघडत होती आणि दुसरीकडे तिच्यापर्यंत नेणारा रोजगार बंद पडत होता, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे. पुढील काळात शहरातून सुटीला येणाऱ्याच्या पिशवीतून हातात मावणारा, पेन्सिल सेलवर चालणारा ‘ब्रिक गेम’ गावात येऊ लागला. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचलेल्या ‘टेट्रिस’चे ते स्वस्त रूप होते. त्याला वीज लागत नव्हती आणि दूरचित्रवाणी संचही लागत नव्हता.

तिसरी वाट संगणक केंद्राची. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने ग्रामीण तरुण-तरुणींनी मोठ्या संख्येने प्रवेश घेतला. अनेकांनी संगणकाला पहिला स्पर्श येथेच केला आणि संगणकासोबतच आलेले पत्त्यांचे ‘सॉलिटेअर’ किंवा ‘माइनस्वीपर’ हे त्यांनी पडद्यावर खेळलेले पहिले खेळ ठरले. येथे आणखी एक गोष्ट घडली. पार्लर ही प्रामुख्याने मुलग्यांची जागा होती. मुलींना तेथे जाणे प्रशस्त मानले जात नसे. संगणक केंद्र ही शिक्षणाची जागा असल्याने मुलींना तेथे प्रतिष्ठेने बसता आले. पार्लरच्या स्मरणरंजनातून ज्या मुली सर्वस्वी वगळल्या जातात, त्यांच्या आठवणींचा धागा सागरगोटे, फुगड्या आणि भोंडल्यापासून निघून थेट संगणक केंद्राशी येऊन मिळतो. मधला पार्लरचा टप्पा त्यांच्या आयुष्यात आलाच नाही.

चौथी वाट भ्रमणध्वनीची. नोकियाने १९९७ मध्ये आपल्या संचात ‘स्नेक’ हा सापाचा खेळ दिला. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० या स्वस्त व दणकट संचात त्याची पुढची आवृत्ती होती. शिवाय विजेरीही होती. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दिवसातील अनेक तासांचे भारनियमन सोसले. एकदा भारित केला की अनेक दिवस चालणारा, अंधारात उजेड देणारा आणि फुकट खेळता येणारा हा संच त्या परिस्थितीला चपखल बसला. भोर-वेल्ह्याच्या एका मोठ्या वर्गासाठी ‘जुना व्हिडिओ खेळ’ म्हणजे ‘पॅक-मॅन’ वा ‘मुस्तफा’ नसून हा साप होय. शहरी कालक्रमात तो पार्लरच्या अस्तानंतरचा टप्पा आहे, तर येथे तो आरंभ आहे. एकाच जिल्ह्यात, पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात, तंत्रज्ञानाचे दोन कालक्रम नांदत होते.

६. सवंगड्यांचा प्रश्न

स्मरणरंजनाच्या लेखनात एक तक्रार नेहमी आढळते. पूर्वी मुले एकत्र खेळत आणि आता प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये असतो, असे म्हटले जाते. या तक्रारीत तथ्य आहे. परंतु तिचे खापर एकट्या यंत्रावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. लगोरी, आट्यापाट्या, सूरपारंब्या या खेळांना गडी लागतात. वेल्ह्याच्या खोऱ्यांतील अनेक वस्त्यांत शाळेची पटसंख्या वीसच्याही खाली गेली. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याच्या समूह शाळा योजनेची चर्चा २०२३ मध्ये राज्यभर झाली. तेव्हा नमुना म्हणून ज्या शाळांचे नाव पुढे आले त्यांत वेल्हे तालुक्यातील पानशेतची समूह शाळा होती. शाळा चांगली होणे आणि वस्तीवरचे पटांगण ओस पडणे या दोन गोष्टी एकाच निर्णयाच्या दोन बाजू असू शकतात. ज्या वस्तीत समवयस्क दोन-तीनच उरले, तेथील मुलाने पडद्यावरचा खेळ निवडला असेल, तर त्यामागे आवडीइतकाच सवंगड्यांचा अभाव आहे.

२०१६ नंतर स्वस्त झालेली इंटरनेट सेवा आणि २०२०-२१ मधील टाळेबंदीतील ऑनलाइन शिक्षण यांमुळे मोबाइल एकाच वेळी शाळा व पटांगण झाला. आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला एम्युलेटरच्या साहाय्याने ‘मुस्तफा’ सहज खेळता येतो. त्यामुळे ज्याने पार्लर पाहिले नाही तोही त्याविषयी आपुलकीने बोलू शकतो. ही उसनी आठवण खोटी म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. मात्र मौखिक मुलाखत घेताना अनुभवलेले कोणते आणि नंतर आत्मसात केलेले कोणते, हे वेगळे करणे अभ्यासकाचे काम आहे.

७. जतनाचा प्रश्न

खेळांचे जतन हा जगभर गंभीर प्रश्न बनला आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतरीत्या विकत मिळत नाहीत. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ घरगुती यंत्रांसाठी कधीच निघाला नाही. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या ‘मेम’सारख्या एम्युलेटर प्रकल्पांमुळे असे खेळ टिकून राहिले. अधिकृत व्यवस्थेने सोडून दिलेली वस्तू हौशी मंडळींनी जपली, हा जुन्या पोथ्यांच्या इतिहासाशी जुळणारा प्रसंग आहे.

तथापि एम्युलेटर खेळ जपतो, खेळण्याची जागा जपत नाही. चालक कोण होता, भाडे किती होते, मंडल बिघडल्यावर दुरुस्ती कोण करी, परीक्षेच्या दिवसांत गर्दी घटे काय, या प्रश्नांची उत्तरे त्या संगणकीय फाइलींत नाहीत. ती दप्तरात आणि माणसांच्या बोलण्यात आहेत. भोरचा राजवाडा व नीरेचा काठ अनेक ऐतिहासिक चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी वापरले गेले. इतरांच्या स्मरणरंजनाला देखावा पुरवणाऱ्या या गावाच्या स्वतःच्या अलीकडील भूतकाळाची नोंद मात्र होत नाही, ही विसंगती विचारात घेण्याजोगी आहे.

या दृष्टीने महाविद्यालयांना काही कामे तातडीने हाती घेता येतील. करमणूक शुल्क व परवान्यांची दप्तरे नष्ट होण्यापूर्वी त्यांची पाहणी आणि प्रतिमांकन करण्याची परवानगी मागणे, हे पहिले काम. जत्रेतील खेळवाले, संगणक केंद्रांचे चालक, संच दुरुस्त करणारे कारागीर आणि मुंबईहून परतलेली कुटुंबे यांच्या मुलाखती विद्यार्थ्यांकडून नोंदवून घेणे, हे दुसरे. मुलाखतींत स्त्रियांचे प्रमाण निम्मे राहील याची दक्षता घेणे, हे तिसरे. या कामांना मोठ्या निधीची गरज नाही. हे विद्यार्थी त्याच खोऱ्यांतून येत असल्याने त्यांच्यापाशी भाषा आणि विश्वास दोन्ही आहेत.

निष्कर्ष

१. जुन्या व्हिडिओ खेळांचे प्रचलित स्मरणरंजन हे प्रामुख्याने शहरी, पुरुषी आणि हाती रोख पैसा असलेल्या वर्गाचे आहे. ‘एका पिढीची आठवण’ हे त्याचे नाव व्याप्तीपेक्षा मोठे आहे.

२. भोर व वेल्हे परिसरात यंत्रावरील खेळ जत्रा, मुंबई, संगणक केंद्र आणि मोबाइल या वाटांनी आले. त्यांचा क्रम व अर्थ शहराहून भिन्न आहे. त्याला मागासलेपणा न मानता स्वतंत्र इतिहास मानावे लागेल.

३. सामूहिक खेळांच्या ऱ्हासामागे तंत्रज्ञानाइतकेच स्थलांतर आणि घटती लोकसंख्या हे घटक आहेत.

४. करमणूक शुल्क २०१७ मध्ये संपुष्टात आल्याने त्यासंबंधीचे अभिलेख निरुपयोगी ठरून नष्ट होण्याचा धोका आहे. मौखिक साधने आणि हे अभिलेख एकत्र आणल्यासच स्मरणरंजनाची पडताळणी शक्य होईल.

राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी वाढलेल्या विद्यार्थ्याला तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईची तिथी ठाऊक असते. त्याच गावात त्याच्या आईने लहानपणी काय खेळले, कोणाबरोबर खेळले आणि तो खेळ केव्हा थांबला, हेही इतिहासाच्या पुस्तकात असावयास हवे. सांगणारी पिढी आज हयात आहे आणि कागद अद्याप कपाटात आहेत, तोवरच ते नोंदवणे शक्य आहे.